ॲस्पिरिन चालू होती, तरी स्ट्रोक झाला

भेटायला येणारा प्रत्येक जण टेकायच्या आत तेच विचारायचा, “अहो, पण तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू होती ना? मग स्ट्रोक कसा काय झाला?” प्रश्न रास्तच होता. मला स्टेंट बसून वर्ष कधीच उलटलं होतं, ॲस्पिरिन कधी चुकली नव्हती, बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्याही वेळच्या वेळी चालू होत्या. काळजी होती ती हार्ट अटॅकची. मेंदूचं काही होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. हृदयविकार असलेले आणि ॲस्पिरिनच्या भरवशावर निवांत बसलेले माझ्यासारखे पुष्कळ असणार, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सकाळी शर्टाची बटणं लावत होतो. उजव्या हाताला काजं सापडेना. बोटं बटणाला लागत होती, पण पकडत नव्हती. हिला हाक मारली तर तोंडातून जे काही निघालं ते माझं मलाच कळेना. डोक्यात मात्र वाक्य अख्खं तयार होतं. ही आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अहो, जरा हसून दाखवा बघू.” मी हसलो. म्हणजे माझ्या मते हसलो. ओठांची उजवी बाजू हललीच नव्हती. पुढचं सगळं तिनं भराभर केलं. मी खुणेनं पाणी मागत होतो, तेही दिलं नाही. स्ट्रोकमध्ये गिळण्यावर परिणाम होतो, पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, हे तिला कुठून माहीत होतं कोण जाणे.

दवाखान्यात शिरताच पहिला प्रश्न आला तो असा, “काका शेवटचे व्यवस्थित कधी होते?” त्रास कधी लक्षात आला याला तिथे तेवढी किंमत नसते, माणूस धडधाकट असल्याचं शेवटचं कुणी कधी पाहिलं, घड्याळ तिथून धरतात. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली तर रात्री झोपलो ती वेळ धरतात. माझं नशीब म्हणजे थोड्याच वेळापूर्वी मी बहिणीशी फोनवर बोललो होतो. मुलीनं कॉल लॉग काढून दाखवला आणि वेळेचा प्रश्न मिटला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. १९९५ साली पहिल्यांदा हा उपचार सिद्ध झाला तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. २००८ च्या एका मोठ्या चाचणीनंतर ती साडेचारवर गेली. हे मी नंतर वाचलं, त्या सकाळी अर्थातच मी ट्रॉलीवर होतो.

बोटाला टोचून साखर बघितली, कारण साखर फार खाली गेली तरी हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसतं. मग लगेच सीटी स्कॅन. मेंदूत रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय, हे वरून बघून सांगता येत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट. रक्तस्राव नव्हता. पण माझं बीपी १८५/११० च्या वर होतं आणि तेवढ्यावर ते इंजेक्शन देत नाहीत, म्हणून आधी शिरेतून औषध देऊन बीपी खाली आणलं.

ते होईपर्यंत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे चित्रांचा एक कागद धरला. हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, पीस, झोपाळ्यासारखी टांगलेली जाळी. एकेकाचं नाव सांगा म्हणाल्या. किल्लीपाशी मी अडलो. किल्ली म्हणजे काय, ती कशासाठी असते, आमच्या घराची किल्ली कुठे टांगलेली असते, सगळं कळत होतं. शब्द तेवढा येत नव्हता. शेवटी डाव्या हातानं हवेतच कुलूप उघडून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि कागदावर गुण टाकले. शून्यापासून बेचाळीसपर्यंत जाणारं ते मोजमाप आहे. आकडा जितका मोठा तितका स्ट्रोक मोठा. इथे कमी गुण मिळवणारा हुशार.

इंजेक्शनची जोखीमही त्यांनी लपवली नाही. त्या १९९५ च्या चाचणीत औषध मिळालेल्या शंभरातल्या सहा-सात जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता. न मिळालेल्यांत हे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली होतं. तरीसुद्धा तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे लोक औषध घेतलेल्यांतच जास्त निघाले. हिनं मुलीकडे बघितलं, मुलीनं सही केली. ॲस्पिरिन चालू आहे म्हणून हे इंजेक्शन अडत नाही, हेही तेव्हाच कळलं.

माझी गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका लहान फांदीत अडकली होती. मोठ्या धमनीत असती तर जांघेतून नळी घालून ती ओढून काढली असती. २०१५ मध्ये एकापाठोपाठ पाच चाचण्यांनी या उपचाराला पाय रोवून दिले, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही करतात. मला त्याची गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत हात उचलता येऊ लागला. बोलणं मात्र अडखळतच राहिलं.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येतो. दुसऱ्या रात्री मॉनिटरवर ठोके एकदम बिघडले. म्हणजे मला काही जाणवलं नाही, नर्सला दिसलं. दोन ठोके लगोलग, मग लांबण, मग पुन्हा तीन घाईघाईत. एट्रियल फिब्रिलेशन. थोड्या वेळानं आपोआप थांबलं. दर वर्षीच्या तपासणीतला ईसीजी नॉर्मल यायचा याचं कारण हेच: ईसीजी पाहतो काही सेकंदांपुरतं, आणि हा आजार येऊन जाऊन असतो.

डॉक्टरांनी इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, चित्र समोर धरून समजावलं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त रेंगाळतं. प्रवाह थांबला की गाळ धरावा तशी तिथे गुठळी धरते. झडपेचा आजार नसलेल्या अशा रुग्णांत सुमारे नव्वद टक्के गुठळ्या याच पिशवीत सापडतात. तिथून सुटली की सरळ वर, मेंदूकडे. एट्रियल फिब्रिलेशनमुळे स्ट्रोकची शक्यता साधारण पाचपट होते, आणि हे स्ट्रोक एरवीपेक्षा मोठे असतात, कारण गुठळीच मोठी असते. माझं लहानावर निभावलं.

आणि ॲस्पिरिन? स्टेंटमध्ये किंवा अरुंद धमनीत गुठळी धरते ती प्रामुख्यानं प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटून. ॲस्पिरिन त्यांना आवरते. रेंगाळलेल्या रक्तातली गुठळी मुख्यतः फायब्रिन नावाच्या धाग्यांच्या जाळ्याची. त्या जाळ्याला अटकाव करणारी औषधं वेगळी: वॉरफरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान, अपिक्साबान. आपण घरी दोन्हींना एकाच पंगतीत बसवतो. आकडे बघितले तर फरक डोळ्यांत भरतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वॉरफरिननं स्ट्रोक जवळपास दोन तृतीयांशांनी घटतात, ॲस्पिरिननं फार तर पाचव्या हिश्शानं. निदान ॲस्पिरिन सौम्य तरी आहे, असंही म्हणायची सोय नाही. २०११ मध्ये अपिक्साबान आणि ॲस्पिरिन थेट समोरासमोर तपासल्या गेल्या. स्ट्रोक आणि शरीरात इतरत्र गुठळी जाण्याचे प्रकार ॲस्पिरिनवाल्यांत वर्षाला ३.७ टक्के, अपिक्साबानवाल्यांत १.६ टक्के; मोठे रक्तस्राव दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

जोखीम मोजायची गुणपद्धतही साधी आहे. हार्ट फेल्युअर, बीपी, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार, ६५ ते ७४ वय: प्रत्येकी एक गुण. ७५ च्या पुढे दोन, आधी स्ट्रोक झाला असेल तर आणखी दोन. बायकांना पूर्वी एक गुण जादा धरत. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो काढून टाकला. बीपी, साखर, स्टेंट आणि वय मिळून माझे चार गुण स्ट्रोकच्या आधीच भरले होते. दोन झाले की गोळी सुरू करण्याची शिफारस आहे. फक्त ठोक्यांचा घोटाळा कुणाच्या हाती लागला नव्हता.

गोळी कधी सुरू करायची, यावर दोन दिवस गेले. घाई केली तर जखमी मेंदूत रक्तस्राव, उशीर केला तर दुसरी गुठळी. पूर्वी स्ट्रोकच्या आकाराप्रमाणे एक, तीन, सहा, बारा दिवसांचा ठोकताळा होता. २०२३ च्या एका चाचणीत लवकर सुरुवात करणाऱ्यांचं काही बिघडलेलं दिसलं नाही. लहान आणि मध्यम स्ट्रोकमध्ये तर ४८ तासांच्या आत. माझा दुसरा सीटी स्वच्छ आला आणि अपिक्साबान सुरू झाली.

खरी ओढाताण पुढे झाली, ॲस्पिरिनवरून. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, बंद करा. घरी आल्यावर आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, “स्टेंट आहे, ॲस्पिरिन कशी सोडता? दोन्ही घ्या.” आणि रक्तस्राव नको म्हणून अपिक्साबान निम्म्यावर आणा, असंही सुचवलं. मला विचाराल तर दोन डॉक्टरांच्या मध्ये उभं राहणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दमवणारा भाग. मग दोन्ही चिठ्ठ्या घेऊन थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी जपानमधल्या २०१९ च्या एका चाचणीचा दाखला दिला. स्टेंट किंवा बायपास होऊन वर्ष उलटलेले, हृदय स्थिर असलेले आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेले दोन हजारांवर रुग्ण. अर्ध्यांना नुसती रिव्हरॉक्साबान, अर्ध्यांना सोबत ॲस्पिरिनसारखी दुसरी गोळी. दोन गोळ्यांच्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले म्हणून चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. एक गोळी असलेल्यांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक वाढले नाहीत, रक्तस्राव मात्र कमी झाले. “काका, स्टेंट नवा असता तर मी वेगळं बोललो असतो,” ते म्हणाले. ॲस्पिरिन त्या दिवशी सुटली.

डोसचंही त्यांनी तिथेच निकालात काढलं. अपिक्साबान निम्मी करायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम यावरून कळतं) १.५ किंवा जास्त. माझं वजन तेवढं ६० च्या खाली, बाकी दोन नाहीत. म्हणजे पूर्ण डोस, ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. भीतीपोटी कमी केलेला डोस संरक्षणही कमी देतो.

स्पीच थेरपीला माझ्यासोबत एक गृहस्थ असत, त्यांची हृदयाची झडप धातूची. त्यांनाही माझीच गोळी हवी होती, कारण वॉरफरिनसाठी सारखं आयएनआर (रक्त कितपत पातळ आहे ते सांगणारी तपासणी) तपासायचा कंटाळा. पण धातूच्या झडपेला या नव्या गोळ्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची तशी चाचणी २०१३ मध्ये गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे बंद करावी लागली होती. संधिवाताच्या तापानं आकसलेल्या झडपेलाही वॉरफरिनच बरी, असं २०२२ मध्ये दिसून आलं. त्यांना हे पटवायला त्यांच्या डॉक्टरांना बरेच दिवस लागले. त्यांचा आयएनआर बहुधा जागेवर असतो, फक्त ते कबूल करत नाहीत.

घरी काय बदललं? गुडघेदुखीसाठी मनानं घ्यायच्या गोळ्या गेल्या, कारण त्या पोटातल्या रक्तस्रावाला आमंत्रण देतात. बीपीची वही सुरू झाली. रक्तस्रावाची भीती कमी करायची तर गोळी कमी करण्यापेक्षा बीपी ताब्यात ठेवणं जास्त उपयोगाचं. दात काढायची वेळ आली तेव्हा परस्पर गोळी बंद न करता आधी फोन करून विचारलं. या गोळ्यांचा असर तासांत ओसरतो, म्हणजे दोन डोस चुकले तर कवच गेलंच. पाकिटात एक चिठ्ठी असते: गोळीचं नाव, डोस, घ्यायच्या वेळा. पुन्हा स्ट्रोक झाला आणि ताजा डोस पोटात असेल, तर ते विरघळवणारं इंजेक्शन कदाचित देता येणार नाही. नळी घालून गुठळी काढणं मात्र तेव्हाही शक्य असतं. दारातच हे कळलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर नाडी बघायला हीसुद्धा शिकली, आणि आता ती माझी बघते तशी घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचीही बघते. एका मेहुण्यांची तिला चुकतमाकत लागली. ईसीजी काढला तर तेच निघालं.

उजव्या हाताची पकड आली आहे, सही पूर्वीसारखी येत नाही. दमलो की शब्द अडतात, नावं सर्वांत आधी. सध्या ॲब्लेशनचा, म्हणजे हृदयात नळी घालून ठोके बिघडवणारी जागा निकामी करण्याचा, विचार चालू आहे. ठोके लवकर ताळ्यावर आणले तर पुढचे त्रास कमी होतात, असं २०२० च्या एका युरोपीय चाचणीत दिसलं आहे, म्हणून डॉक्टर त्याच्या बाजूचे आहेत. मी त्यांना एकच विचारलं, ॲब्लेशन झालं की ही गोळी सुटेल ना? ते म्हणाले, नाही. ठोके नियमित झाले तरी तुमचे गुण तसेच राहतात, आणि गोळी गुणांवर ठरते. पुढच्या होल्टरचा (दिवसभर अंगावर लावून ठेवायच्या ईसीजीचा) रिपोर्ट आला की काय ते ठरवू, असं सांगून आलो आहे.