माझा एडिटर, नोंद 7: फाइलचा प्रकार बदलला की क्रॅश

मी स्वतः लिहीत असलेल्या टेक्स्ट एडिटरमधल्या, मागच्या नोंदीतल्या क्रॅशचं कारण सापडलं! तीन रात्री गेल्या, पण या प्रकल्पात इतका आनंद अजून झाला नव्हता.

लक्षण असं होतं: साधी टेक्स्ट फाइल उघडायची, उघडी असतानाच तिचा प्रकार (कोणत्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नियमांनी मजकूर रंगवायचा ते) ‘सी’ करायचा, की लगेच सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याने एडिटर बंद. प्रकार पायथन केला तर काहीच होत नाही. लहान फाइलला सी केलं तरी चालतं. आणि तीच मोठी फाइल सीचं एक्स्टेन्शन देऊन उघडली, तर व्यवस्थित रंगते. या शेवटच्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं.

फाइल म्हणजे बॅकअपमध्ये घ्यायच्या फोल्डरांची यादी, लाखभर ओळींची. तिसऱ्याच ओळीत ‘फोटो/*’ आहे. सीच्या नियमांनी तिथल्या /* पासून कॉमेंट (कोडमधली टीप) सुरू होते आणि ती बंद कुठेच होत नाही. माझ्या पायथनच्या नियमांत अनेक ओळींची कॉमेंटच नाही, म्हणून तिथे सुटका.

जीडीबी या चुका शोधायच्या साधनात बॅकट्रेस, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी, काढली तर ओळ रंगवणारं एकच फंक्शन हजारो वेळा. ओळीच्या शेवटी कॉमेंट उघडी आहे की नाही हे बदललं, की ते पुढच्या ओळीसाठी स्वतःलाच बोलावतं. फाइल उघडताना ओळी एकेक करून येतात. पुढची ओळ अजून आलेलीच नसते, त्यामुळे साखळी लागत नाही. प्रकार बदलताना मात्र सगळ्या हजर असतात आणि तिसरी ओळ शेवटपर्यंत सगळ्यांना ओढत नेते.

एका कॉलला स्टॅकवर (चालू कॉलची माहिती ठेवायच्या मेमरीत) 144 बाइट, स्टॅक 8 एमबी. भागाकार 58,254. फाइल कापून पाहिली: 58,000 ओळींना टिकला, 59,000ला पडला. आकडा जुळल्यावर खुर्चीतून उठलोच.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा मंडळी: जीसीसी या कंपायलरला -ओ2 (कोड वेगवान करायचा पर्याय) दिलं की हा क्रॅश गायब. फंक्शनच्या शेवटी असलेला कॉल कंपायलर उडीत बदलतो, स्टॅक वाढतच नाही. म्हणून आता माझ्या चाचण्या -ओ2 असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही बिल्डवर चालतात.

दुरुस्ती अगदी छोटी, रिकर्शनच्या (स्वतःलाच बोलावण्याच्या) जागी साधा लूप. शिवाय प्रकार बदलला की वरून खाली एकच फेरी. जाता जाता ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाने आणखी एक चूक पकडली. सेटिंग फाइल पुन्हा वाचताना जुन्या नियमांची मेमरी फ्री होत होती, पण उघड्या फाइलचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तिकडेच राहत होता. आता पॉइंटरऐवजी नियमाचा क्रमांक ठेवतो.

पाच लाख ओळींवर प्रकार उलटसुलट बदलून पाहिला, पडला नाही. पण पहिल्या ओळीत /* टाइप केलं की क्षणभर अडखळतो, कारण सगळी फाइल पुन्हा रंगते. पुढच्या आठवड्यात फक्त पडद्यावर दिसणाऱ्या ओळीच रंगवून बघणार आहे. वरच्या ओळींची कॉमेंटची स्थिती साठवायची तुमची काही रीत असेल तर जरूर सांगा.