मालगुजारी गेली आणि धरमपेठ वाढली

उमरेड तालुक्यातील आमच्या गावचा मालगुजारांचा, म्हणजे गावाची मालकी असलेल्या आणि सरकारचा शेतसारा भरणाऱ्या घराण्याचा, वाडा आता बराचसा पडला आहे. त्याच घराण्याचा पश्चिम नागपुरातल्या धरमपेठेतील बंगला मात्र डागडुजी होत होत अजून उभा आहे. पश्चिम नागपूरच्या वाढीचे श्रेय राजधानी, विद्यापीठ आणि सुधार प्रन्यास (नव्या वस्त्या आखणारी सरकारी संस्था) यांना दिले जाते. ते रास्तच आहे, पण खेड्यांतून तिकडे गेलेला पैसा त्या हिशेबात सहसा धरला जात नाही.

महाल-इतवारीची दाट वस्ती एका बाजूला आणि सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे अंबाझरीपर्यंतची मोकळी जागा दुसऱ्या बाजूला, अशी शहराची ठेवण होती. १९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास आला आणि सरळ रस्ते आखून लेआउट पडू लागले. प्रन्यासाचे प्लॉट तीस वर्षांच्या पट्ट्याने मिळत आणि त्यावर दरसाल भूभाटक, म्हणजे जमिनीचे भाडे, भरावे लागे. १९४१ साली सुमारे तीन लाख असलेली नागपूरची लोकसंख्या १९५१ मध्ये साडेचार लाखांच्या घरात गेली.

१९५१ सालीच, ३१ मार्चपासून, मालगुजारी संपली. घरची शेती राहिली. गावावरची मालकी, रान आणि तलाव सरकारजमा झाले, मोबदला मिळाला. आमच्या मालगुजारांनी तो पैसा पुन्हा मातीत घातला नाही, धरमपेठेतल्या बंगल्यात घातला. बंगल्याच्या पडवीतले सागवानी खांब वाड्याच्या सोप्यातून काढून नेलेले आहेत, आणि एका खांबावर झोपाळ्याच्या कडीने पडलेली खाच आजही बोटाला लागते. ज्वारीची नि मिरचीची पोती उमरेडहून छोट्या रेल्वेगाडीने इतवारीला उतरत आणि तेथून खाचराने अख्खे शहर ओलांडून बंगल्यावर पोहोचत. मागच्या खोलीत गावची शिकणारी मुले राहत. माझे वडील त्यांपैकीच एक.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, नागपूरचे राजधानीपण संपले आणि कितीतरी कर्मचाऱ्यांना भोपाळला बिऱ्हाड हलवावे लागले. आता धरमपेठेची वस्ती ओस पडणार, अशी धास्ती गावातही होती, असे वडील सांगत. तसे झाले नाही. उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले, १९६० पासून हिवाळी अधिवेशन भरू लागले आणि त्याच साली अभियांत्रिकीचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय निघाले. मागच्या खोलीतली मुले नोकरीला लागली. धरमपेठ त्यांना परवडण्याजोगी नव्हती, म्हणून त्यांनी पुढे बजाजनगर-लक्ष्मीनगरकडे प्लॉट शोधले.