कुकर, तांब्याची नळी आणि पहिला तवंग

गवती चहाचं तेल स्वतःच्या हातांनी काढायचं, हे डोक्यात घेतल्याला चार महिने झाले. आज चिंचोळ्या गळ्याच्या काचेच्या बाटलीत, पाण्याच्या वर, फिकट पिवळ्या तेलाचा थर स्पष्ट दिसतोय. बाटली उजेडात धरली की पाणी आणि तेल यांच्यामधली रेघ केसासारखी बारीक दिसते. मी ती दिवसातून तीनदा तरी उचलून बघते.

ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे वाफ करून ती गार करून पुन्हा थेंबाथेंबाने गोळा करायचं भांडं कमी खर्चात बनवायला घेतलं की माणूस अडतो ते 'कुठलं सामान चालेल' या प्रश्नावर, म्हणून माझ्या नोंदवहीतलं इथे उतरवते आहे. हे भांडं पाण्यासाठी आणि वनस्पतींच्या सुगंधी तेलांसाठी आहे. परवान्याशिवाय घरी दारू गाळायला बहुतेक देशांत बंदी आहे, शिवाय अल्कोहोलची वाफ शेगडीजवळ गळली तर भडका उडतो. पुढचं सगळं फक्त पाण्याच्या वाफेबद्दल आहे.

सुरुवात अगदी साध्या जुळणीने केली. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, आत तिवई, तिवईवर वाटी, भोवती पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या. वर काचेचं घुमटाकार झाकण उलटं ठेवलं आणि त्याच्या खळग्यात बर्फ भरला. वाफ गार काचेला लागते, थेंब मधल्या टोकाकडे ओघळतात आणि वाटीत पडतात. तासाभरात पाऊण वाटी गुलाबपाणी मिळालं. वास खरा होता, पण त्याला उकडल्याची झाक होती, कारण पाकळ्या थेट उकळत्या पाण्यात शिजत होत्या. गुलाबाचं तेल या भांड्यातून निघेल अशी आशा मात्र ठेवू नका. एक किलो तेलाला साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. तरी गुलाबपाणी इतकं घमघमतं, कारण गुलाबाच्या वासातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल हे सुगंधी द्रव्य पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं आणि पाण्यातच राहतं. नवख्या माणसाने पहिला महिना याच जुळणीवर काढावा, असं माझं मत आहे. विकत घ्यायचं काहीच नसतं आणि वाफेचा स्वभाव कळतो.

तेल हवं असेल तर पानं पाण्याच्या वर ठेवून त्यांच्यातून वाफ जाऊ द्यावी लागते. गवती चहाच्या तेलात मुख्य घटक सिट्रल, आणि तो एकटा उकळवायचा तर सुमारे २२९ अंश सेल्सिअस लागतात. पण पाण्यात न मिसळणारं तेल आणि पाणी एकत्र तापवलं की दोघांच्या बाष्पदाबांची, म्हणजे त्यांच्या वाफांच्या दाबांची, बेरीज हवेच्या दाबाइतकी होताच मिश्रण उकळतं, म्हणजे १०० अंशांच्या जरा खालीच. म्हणून जास्त दाबाची गरजच नाही. माझ्या भांड्याला कुकर वापरला तो फक्त घट्ट झाकणासाठी.

पाच लिटरचा जुना स्टेनलेस स्टीलचा कुकर आहे. शिट्टी काढून तिच्या नळकांड्यावर नळी बसवली. झाकणाला भोक पाडलं नाही, सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावला नाही. वाटेत कुठेही तोटी किंवा बूच नाही. कुकरपासून बाटलीपर्यंत वाट कायम उघडी हवी, नाहीतर साध्या भांड्याचा बॉम्ब होतो. ते नळकांडं मुळात अरुंद असतं, पानाचा एखादा तुकडाही ते बुजायला पुरतो. म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरत नाही, पानांवर स्टीलची बारीक जाळी ठेवते, आणि दर वेळी सुरू करण्याआधी नळकांड्यातून उजेड दिसतो का ते बघते.

आता सामान. वाफ आणि तेल जिथे जिथे लागतं तिथे मी स्टेनलेस स्टील, काच, तांबं, टेफलॉन टेप आणि खाद्यपदार्थांसाठीचं सिलिकॉन एवढंच ठेवलं आहे. अॅल्युमिनियमचा कुकर घरात होता, पण ऊर्ध्वपातित पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं आणि ते अॅल्युमिनियम खातं, म्हणून तो बाजूला ठेवला. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि नळ्या नकोत. पितळेच्या बऱ्याच जोडण्यांत शिसं असतं, त्याही नकोत. डाग देण्याच्या जुन्या कथलात तर शिसं भरपूर असतं. गाडीच्या रेडिएटरमधून गाळलेल्या दारूने लोकांना शिशाची विषबाधा झाली ती अशा जोडांमुळेच. मी एकही डाग दिला नाही, सगळे जोड नळीवर नळी सरकवून केले. झाकणाची काळी रबरी रिंग बदलून सिलिकॉनची घातली. पीव्हीसीची नळी वाफेने मऊ पडते. प्लास्टिकचं भांडं तेलासाठी वापरायचं मनात असेल तर संत्र्याच्या सालीचं तेल थर्माकोलवर थेंबभर टाकून बघा. त्यातलं लिमोनीन डोळ्यांदेखत खड्डा पाडतं.

काटकसर बाकी ठिकाणी केली. वाफ गार करायला नळीचं वेटोळं ज्या गार पाण्यात बुडवते ती बादली जुनी, तिवई जुनी, बाटल्या धुऊन उकळलेल्या, पानं ठेवायची चाळणी स्वयंपाकघरातली. नवीन आणलं ते तीन मीटर तांब्याची नळी, वीतभर सिलिकॉनची नळी आणि रिंग, एवढंच.

नळीचं वेटोळं करताना ती चेपू नये म्हणून आत कोरडं बारीक मीठ ठासून भरलं, दोन्ही टोकं टेपने बंद केली आणि जाड बाटलीभोवती हळूहळू गुंडाळली. नंतर गरम पाण्याने मीठ विरघळून गेलं. वाळू भरतात तशी भरली असती तर एखादा कण आत अडकून राहिला असता. मग व्हिनेगर आणि पाणी उकळून एक खेप, नुसत्या पाण्याच्या दोन खेपा, हे सगळं ओतून दिलं. अजूनही प्रत्येक खेपेचं पहिलं अर्धा कप पाणी ठेवत नाही. कधी तांबं उतरल्याची हिरवट-निळसर छटा दिसली तर ती खेप पूर्ण फेकायची आणि नळी पुन्हा व्हिनेगरने धुवायची, हे ठरलेलं.

पहिल्या खऱ्या खेपेत गडबड झाली. वीस मिनिटं छान थेंब पडले, मग ते थांबले, कुकर घुमायला लागला आणि एकदम 'खळ्ळ्' करून वाफेसकट पाण्याची चूळ बाहेर आली. शेगडी बंद केली, सगळं गार होईपर्यंत लांब उभी राहिले. वेटोळ्याचा तिसरा फेरा दुसऱ्यापेक्षा बोटभर वर गेला होता, त्या खोलगट भागात पाणी साचत होतं आणि वाफ त्याला ढकलत होती. आता प्रत्येक फेऱ्याखाली लाकडी पट्टीची खाच आहे आणि उतार सलग आहे. त्याच वेळी दुसरी गोष्ट लक्षात आली. सिलिकॉनची नळी गरम झाली की लुळी पडते आणि वळणावर मिटते. म्हणून तिचा तुकडा फक्त जोडापुरता आणि सरळ ठेवला आहे.

थंड करण्याचा हिशोब मी आधी केला नव्हता. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १५ लिटरची बादली २५ अंशांवर असेल तर एक लिटर पाणी गाळून होईपर्यंत ती साठच्या पुढे जाते. आता गार पाणी बादलीच्या तळाशी सोडते आणि वरचं गरम पाणी काढत राहते. आचही उतरवली. मिनिटाला ८ ते १० मिलिलिटर हा वेग माझ्या वेटोळ्याला झेपतो. बाहेर येणारं पाणी हाताला गार लागलं पाहिजे. कोमट लागलं की वासही हवेत जातो.

कालची चौथी खेप. ६०० ग्रॅम ताजी पानं, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे, खाली दीड लिटर पाणी. ७०० मिलिलिटर जमल्यावर थांबले, कारण कुकर कोरडा पडू द्यायचा नाही. शेगडी बंद करण्याआधी नळीचं टोक पाण्याच्या वर आहे ना ते बघितलं. ते बुडालेलं असेल तर कुकर गार होताना गाळलेलं सगळं आत ओढून घेतो. पहिल्या दहा मिनिटांत पाणी दुधासारखं पांढुरकं आलं, मग त्यावर तवंग, मग तवंगाचे ठिपके एकमेकांत मिसळत गेले. ड्रॉपरने तेल वेगळं केलं तेव्हा दीड मिलिलिटर भरलं. ताज्या पानांतून वजनाच्या ०.२ ते ०.४ टक्के तेल निघतं हे धरलं तर नवख्या भांड्याला हे चांगलंच आहे.

सुगंधी पाणी उकळलेल्या गडद बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवलं आहे. त्यात टिकवणारं काही नसल्यामुळे बुरशी लवकर धरते, म्हणून बाटलीवर तारीख लिहिते. पुढची खेप लवंगेची. तिचं तेल पाण्यापेक्षा जड असतं, ते तळाशी बसेल, म्हणून खालून निमुळती होणारी बाटली शोधते आहे.