ते तिसरं रूप असतं कशाला?

इंग्रजी शिकवते म्हटलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक गाठतात: “मॅडम, गो-वेंट-गॉन हे सगळं पाठच करायचं का? आणि ते तिसरं रूप असतं कशाला?” तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

तिसरं रूप म्हणजे आणखी एक भूतकाळ नव्हे. तक्त्यात ते भूतकाळाला खेटून छापलेलं असतं, त्यामुळे मुलं तसं धरून चालतात. खरं तर तो आपला ‘-लेला’ आहे. मराठीच्या तासाला त्यालाच धातुसाधित विशेषण म्हणतात. फुटलेला कप, ब्रोकन कप. कप फुटलेला आहे: द कप इज ब्रोकन. कुणीतरी कप फोडलेला आहे: समवन हॅज ब्रोकन द कप. आधी ‘इज’ येवो की ‘हॅज’, ‘ब्रोकन’ तेच राहतं. शाळेत मात्र पॅसिव्ह (‘इज ब्रोकन’) आणि परफेक्ट (‘हॅज ब्रोकन’) हे दोन धडे असे शिकवतात, जणू एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत!

गंमत म्हणजे ‘हॅव’ची ही रचना मुळात ‘माझ्याकडे मासा पकडलेला आहे’ अशाच धाटणीची होती. जुन्या इंग्रजीत ते ‘पकडलेला’ कधीकधी माशाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलायचंही. आपल्याकडे अजून बदलतं: आंबा खाल्लेला, पोळी खाल्लेली.

‘-इंग’वालं रूप म्हणजे जे चालू आहे ते. बॉइलिंग वॉटर म्हणजे उकळतं पाणी, बॉइल्ड वॉटर म्हणजे उकळलेलं. डॉक्टर दुसरं प्यायला सांगतात. पहिलं प्यायलात तर जीभ भाजेल. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणारी मुलं हाच घोटाळा करतात. कंटाळलेला तो बोअर्ड, कंटाळा आणणारा तो बोअरिंग. वर्गात बोअर्ड कोण आणि बोअरिंग कोण, हे विचारलं की मुलं लगेच माझ्याकडे बघतात.

आता पाठांतर. वेडीवाकडी रूपं टिकली ती रोजच्या वापरामुळे. बी, हॅव, डू, गो, से ही सतत तोंडात असलेली क्रियापदं सगळी अनियमित आहेत. क्वचित लागणाऱ्यांना लोक ‘-एड’ लावून मोकळे होतात. २००७ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली होती; त्यांतली आज ९८च अनियमित उरली आहेत. ‘हेल्प’चं तिसरं रूप एकेकाळी ‘होल्पन’ होतं, कोणाला आठवतंय?

तेव्हा गाईडच्या शेवटच्या पानावरची ए-टू-झेड यादी बाजूला ठेवा. ती पाठ करून घेणं म्हणजे मुलांचा छळ आहे, असं माझं स्पष्ट मत. घराणी पाडा. कट, पुट, हिट, शट बदलतच नाहीत, ती फुकटात मिळाली. सिंग-सँग-संग म्हणता आलं की रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन त्याच चालीवर जातात. स्पीक-स्पोक-स्पोकनच्या मागे ब्रेक आणि स्टील. ब्रिंग, बाय, थिंक, टीच यांचा शेवट ‘-ऑट’वर.

‘लाय-ले-लेन’ (आडवं होणं) मात्र सगळ्यात शेवटी घ्या. तिथे जन्माने इंग्रजी बोलणारी माणसंही ‘ले-लेड-लेड’शी (ठेवणं) गल्लत करतात.