लिंक तर तुमच्याच बँकेत येते

बँकांनी आपली संकेतस्थळं डॉट बँक डॉट इनवर न्यायची, असं रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर केलं. मुदत ३१ ऑक्टोबरची. हे डोमेन फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेची बँकिंग-तंत्रज्ञान संस्था देते, त्यामुळे ऐऱ्यागैऱ्याला बँक म्हणून मिरवता येत नाही. हेतू उत्तमच. आमच्यासारख्या एसईओवाल्यांच्या, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणणाऱ्यांच्या, पोटात मात्र गोळा आला, कारण दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या ज्या लिंक गूगल मोजतं, त्या वर्षानुवर्षं जमवलेल्या सगळ्या जुन्या पत्त्यावर.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातली एक नागरी सहकारी बँक. पत्ता बदलायच्या दिवशी मी मुख्य कचेरीत रिडायरेक्टची, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेण्याची, शीट घेऊन बसलो होतो. डावीकडे जुनं पान, उजवीकडे नवं. सगळं मुख्यपानावर ढकलून मोकळं होता येतं, पण गूगल ते बहुतेक वेळा ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं. म्हणून सोनेतारणाचं पान सोनेतारणाकडे, ठेवीचं ठेवीकडे, असं ओळीओळीने चाललं होतं.

तेवढ्यात एका शाखेतून मॅनेजरांचा फोन. “एक गुरुजी आलेत. ज्येष्ठांना साडेनऊ टक्के द्या म्हणतायत. मोबाइलवर दाखवतायत.” पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट. कुठल्याशा ‘आर्थिक सल्ला’ साइटवरचा लेख, तारीख कुठेच नाही, दर जुन्या काळातला. मधेच निळ्या अक्षरांत ‘सर्वात जास्त व्याज देणारी बँक’. त्यावर बोट ठेवलं की आमच्या बँकेचं पान. आधीच्या एजन्सीने विकत घेतलेली गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवर छापून आणलेला लेख. ठेवीचे दर आधी जाहीर करायचे, सगळ्या शाखांत सारखेच ठेवायचे, काउंटरवर घासाघीस नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मॅनेजर समजावत होते. मागून गुरुजींचा आवाज आला, “अहो, पण लिंक तर तुमच्याच बँकेत येते ना?”

कंप्लायन्सच्या, म्हणजे बँकेत नियमपालन बघणाऱ्या, साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

“हे आपण लिहिलंय?”

“नाही.”

“पैसे कोणी दिले?”

कोणीच बोलेना. “मग आपणच लिहिलंय,” साहेब म्हणाले.

पैसे देऊन घेतलेल्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावायची सोय गूगलने २०१९मध्ये दिली. इथे तसलं काही नव्हतं. माझी डिसअवो फाइल तयार होती, पण तिचा उपयोग तेवढ्यापुरताच. ती गूगलला सांगते की या लिंक धरू नका. गुरुजींच्या मोबाइलवरचा लेख जिथल्या तिथेच. हे साहेबांना आमच्या धंद्यातल्या पुष्कळांपेक्षा लवकर कळलं. लेख काढा म्हणून साइटवाल्याला मेल टाकली, तर त्याने काढायचेही पैसे मागितले. साहेब म्हणाले, “छदामही द्यायचा नाही. आज दिले तर उद्या आणखी दहा लेख निघतील.”

सुदैवाने या विकतच्या लिंक साऱ्या एकाच पानावर येत होत्या. ‘विशेष ठेव योजना’ असं नाव देऊन एजन्सीने ते मुद्दाम बनवलेलं. त्याला ३०१, म्हणजे कायमचं रिडायरेक्ट, लावलं असतं तर तो कचराही नव्या घरात आला असता. मी ती ओळ शीटमधून उडवली आणि त्या पानाला ४१० दिला, म्हणजे पान कायमचं बंद. बंद पानाकडे येणाऱ्या लिंक गूगल मोजत नाही. पण माणूस तर येणारच, म्हणून तिथे दोन ओळी हव्या होत्या. मी लिहिलं, ‘आमचे सध्याचे आकर्षक व्याजदर पाहा.’ साहेबांनी ‘आकर्षक’ खोडलं. “कुणाला आकर्षक?” शेवटी मजकूर ठरला: ही योजना बंद आहे, सध्याचे दर अमुक तारखेपासून लागू, आणि दरपत्रकाची लिंक.

चांगल्या लिंकचं काम मात्र फोनवरच झालं. फीचं चलन आमच्या बँकेत घेणारं कॉलेज, दोन स्थानिक दैनिकं, एक व्यापारी संघ. कॉलेजच्या क्लार्कने बोलता बोलताच पत्ता बदलून टाकला.

संध्याकाळी एका संचालकांनी विचारलं, आता जुन्या डोमेनची फी कशाला भरायची? रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. बँकेच्या बाबतीत माझ्या मते ते कायमचेच ठेवावेत, कारण सोडलेलं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतो आणि जुनं नाव लोकांच्या तोंडात बसलेलं असतं. मी हे सांगेपर्यंत साहेबांनी टिपणी लिहायला घेतली होती. नूतनीकरण दहा वर्षांचं, कारण एका वेळी त्याहून जास्त करता येत नाही.