ओढणारा माणूस घरात आहे, मग वास कसा नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी आपणहून हा विषय काढत नाही, कारण काढला की समोरचा एकतर स्वतःची बाजू मांडायला लागतो नाहीतर घरच्यांची गाऱ्हाणी सुरू करतो. माझा नवरा सिगारेट ओढतो हे सगळ्यांना माहितीय. त्यामुळे घरी आलेलं कोणीही जरा टेकलं की विचारतंच, अगं तुझ्याकडे वास कसा येत नाही, कुठला फ्रेशनर वापरतेस?

फ्रेशनर बिश्नर काही नाही. घरात कोणी ओढतच नाही. नवरा नाही, त्याचे मित्र नाहीत, आणि ज्यांनी अख्खं आयुष्य खुर्चीत बसून ओढली ते सासरेसुद्धा नाहीत. ओढायची तर खाली उतरायचं, आणि तेही बिल्डिंगच्या दारापासून लांब.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, की एवढं कशाला, खिडकीत उभं राहून ओढली तर काय बिघडलं? तर बघा, ओढणारा जो धूर आत घेऊन सोडतो तो सिगारेटच्या एकूण धुरातला थोडासा भाग असतो. बोटांत धरलेली सिगारेट दोन झुरक्यांच्या मध्ये नुसती जळत असते ना, त्या टोकाचा धूर जास्त, आणि तो फिल्टरमधून गेलेला नसतो, कमी तापमानाला अर्धवट जळलेला असतो म्हणून उलट जास्त विषारी. आणि खिडकीतून हवा फक्त बाहेर जाते असं कोणी सांगितलं? वारा आत यायला लागला की तो सगळा धूर पडद्यासकट आत. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरचा, 2006 चा रिपोर्ट आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि वेगळी खोली, खिडक्या, हवा शुद्ध करायची मशीन्स यातल्या कशानेच तो पूर्ण जात नाही. एअर प्युरिफायर बारीक कण बऱ्यापैकी पकडतो, पण कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू त्यातून आरामात निघून जातो. हे मशीन विकणारा सांगत नाही.

मला हे पटायला रिपोर्टची गरज पडली नाही म्हणा. या घरात आमच्याआधी राहणारे लोक आत ओढायचे. रंग द्यायच्या आधी मी हॉलची भिंत ओल्या फडक्याने पुसून बघितली, तर फडकं तपकिरी, आणि हाताला चिकट. जिथे त्यांच्या फ्रेम लावलेल्या असणार तिथे मात्र भिंतीवर स्वच्छ पांढरे चौकोन. पंख्याच्या पात्यांवर धूळ नव्हती, चिकट थर होता, साबणाने तीनतीनदा घासायला लागला. म्हणजे माणसं कधीची गेली आणि निकोटीन आमच्यासाठी भिंतीवर ठेवून गेली. आणि रांगणारं मूल काय करतं, जमिनीवर हात टेकतं आणि तोच तोंडात घालतं. शिवाय त्याचा श्वास आपल्यापेक्षा भरभर चालतो. अशा घरातल्या मुलांना दमा, सारखे दुखणारे कान, छातीचे आजार जास्त होतात, आणि तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोकाही वाढतो. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, पण गोड करून तरी कसं सांगणार.

मोठ्यांचं म्हणाल तर 1981 साली जपानमधल्या हिरायामा नावाच्या संशोधकाने एक अभ्यास छापला. स्वतः कधीच न ओढणाऱ्या नव्वद हजारांहून जास्त बायकांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला, आणि ज्यांचे नवरे जास्त ओढणारे त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर जास्त निघाला. तंबाखू कंपन्यांनी त्यावर भरपूर आरडाओरडा केला होता. निष्कर्ष टिकला.

आता खरा प्रश्न, घरातल्यांना ऐकायला कसं लावलं. मी एकच पथ्य पाळलं, 'सोड' हा शब्द काढला नाही. सोड म्हटलं की भांडण नवऱ्याच्या सवयीवर येतं, मग माझ्याही सगळ्या सवयी बाहेर काढल्या जातात, मोबाइल किती बघतेस वगैरे. मी म्हटलं तू ओढ, कुठे ओढायची एवढंच ठरवू. त्यावर भांडायला फारसं काही उरत नाही. सासऱ्यांना मी काही बोलले नाही, नवरा त्यांचा मुलगा आहे, त्यानेच सांगितलं, आणि खाली सावलीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवून आला. बाबा दोन दिवस गाल फुगवून होते. ॲशट्रे सगळे टाकून दिले, कारण समोर दिसला की पाहुण्याचा हात आपोआप खिशात जातो. जॅकेट दारापाशीच काढायचं, हात धुवायचे, आणि वर आल्या आल्या बाळाला उचलायचं नाही, कारण शेवटच्या झुरक्यानंतरही थोडा वेळ श्वासातून धूर येत राहतो. गाडीतही तोच नियम, उलट जास्तच कडक, एवढ्याशा डब्यात काच खाली करून काही होत नाही.

नवऱ्याची सुटली का? नाही. पण रात्री चपला घालून खाली उतरायचा कंटाळा येतो म्हणून कमी झाली, आणि असा नियम असलेल्या घरांत लोक कमी ओढतात, सोडायचीही शक्यता वाढते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, तर बघू.

जिथे माझी मात्रा चालत नाही ते म्हणजे शेजारी. त्यांच्या बाथरूमच्या झरोक्यातून धूर आमच्याकडे यायचा. दाराखाली पट्टी लावली, पाइपाभोवतीच्या फटी बुजवल्या, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. शेवटी जाऊन बोलले. चांगला माणूस आहे, लगेच सॉरी म्हणाला, आणि आता तो पलीकडच्या खिडकीत ओढतो, म्हणजे आता पलीकडच्यांकडे जात असणार.