जीन्सचा खिसा अजून ओलाच आहे

आमच्या घरात कामाची वाटणी अशी की मशीन बायको लावते आणि वाळू घालायचं माझ्याकडं. लग्नानंतर हे कधीतरी आपोआप ठरलं आणि मला तेव्हा वाटलं आपण स्वस्तात सुटलो, कारण लातूरात वाळू घालणं हे काय काम आहे का, गच्चीवर जायचं, दोरीवर टाकायचं, खाली येऊन चहा प्यायचा की परत काढून आणायला वर. मे महिन्यात तर तो चहा पण निवांत होत नाही. दोरीच्या ह्या टोकाला रुमाल लावला आणि चादरीबिदरी लावत त्या टोकाला पोचलो की रुमाल वाळून पापड. टॉवेल असा ताठ व्हायचा की घडी घालताना मोडतो का काय वाटायचं.

हे सगळं जुन्या घराचं. दोन वर्षांखाली फ्लॅटमधे आलो. चौथा मजला, लिफ्ट आहे, पार्किंग आहे, सगळं आहे, फक्त ऊन नाही. म्हणजे ऊन गावाला पुरून उरंल इतकं आहे पण आमची गॅलरी उत्तरेला. गच्चीवर टाक्या आणि सोलर, दाराला कुलूप, चावी सेक्रेटरींकडं, आणि सेक्रेटरी कायम कुणाच्यातरी लग्नाला गेलेले. त्यात ग्रुपवर मेसेज आला की गॅलरीच्या बाहेर कपडे लटकवू नयेत, बिल्डिंगचा लूक जातो. खाली तीन जणांनी अंगठा दिला, त्यातल्या दोघांच्या गॅलरीतून तेव्हाच साड्या लोंबत होत्या.

उन्हाळ्यात तरी काही वाटलं नाही. सावलीत का होईना, तीन तासांत सगळं कोरडं. खरा कार्यक्रम जुलैत झाला. झड लागली. पाऊस धो धो पण नाही आणि थांबायचं नाव पण नाही, नुसती पिरपिर, आणि हवा अशी की मिठाच्या बरणीत चमचा उभा राहावा. घरात जिथं जिथं काही अडकवता येतं तिथं तिथं कपडे. दाराच्या वर चादर, पडद्याच्या रॉडला शर्ट, खुर्च्यांच्या पाठीवर बनियन, पोराच्या सायकलवर माझी जीन्स, हँडलवर एक पाय आणि सीटवर एक पाय, जणू कुणी पळून गेलंय आणि पँट मागं ठेवलीय. पाहुणे आले तर सोफ्यावरचे मोजे उचलून आधी जागा करायची मग पाणी विचारायचं.

तिसऱ्या दिवशी ते कपडे वाळतात, पण आंबट वास घेऊन. आईचं म्हणणं एकच, "ऊन लागलं न्हाई त्याला, दुसरं काय." मी जरा वाचून बघितलं तर त्या वासामागं मोराक्सेला नावाचा एक जिवाणू निघाला, २०१२ साली जपानी संशोधकांनी हुडकून काढलेला. धुऊनही कपड्यात जो घामाचा तेलकटपणा राहतो त्यावर तो पोसतो, कापड ओलं आहे तोवर वाढतो आणि वास सोडतो. आणि गंमत म्हणजे हा गडी उन्हातल्या अतिनील किरणांनाही सहजासहजी दाद देत नाही. म्हणजे आईचं निम्मंच बरोबर, ऊन त्याला मारतं म्हणून नाही तर ऊन त्याला वेळच देत नाही म्हणून आपले उन्हाळ्यातले कपडे चांगले. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तेच म्हनलं की मी."

आई मांजरा नदीकाठच्या गावची. तिच्या लहानपणी वाळवायचं खरं काम वर्षातून एकदाच, दसरा काढताना. नवरात्राच्या आधी घरातलं चिंधीन् चिंधी बाहेर निघायची, बैलगाडीत घालून नदीवर. वाकळ पिळायला दोघीजणी लागायच्या, एकीनं हे टोक धरायचं दुसरीनं ते, आणि दोघींनी उलट्या दिशेनं पीळ द्यायचा, मधून पाण्याची धार. मग खडकावर, वाळूवर, तुराट्यांच्या ढिगावर, कुंपणाच्या बाभळीवर, जिथं जागा मिळंल तिथं. बाभळीवर टाकलं की चिमट्याची गरज नाही, काटाच धरून ठेवायचा. काढताना मात्र जीव लावून काढायचं, नाहीतर वाकळीला खिडकी. घरात वलनी होती ती रोजच्याला, एक बांबू वर आढ्याला दोन दोऱ्यांनी टांगलेला. आजीचं सोवळ्याचं लुगडं त्याच्याही वरच्या बांबूवर, काठीनं टाकायचं आणि काठीनंच काढायचं, पोरांचा हात लागू नये म्हणून. आई म्हणते पावसाळ्यात सगळ्यात लवकर ते लुगडंच वाळायचं. वाळणारच की, चुलीची ऊब सगळी वर, आणि चुलीची ऊब म्हणजे दुसरं काय, फुकटचा ड्रायर.

तर ड्रायर. मागच्या झडीत तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, अहो आपण ड्रायर घेऊ. आई लगेच, "आरं आपल्या मशीनला हाय की ड्रायर, फिरतंय की गरगर." आमच्याकडं अर्ध्या गावाचा हाच घोळ आहे, सेमी ऑटोमॅटिकच्या ज्या छोट्या टबात कपडे पिळून निघतात त्याला सगळे ड्रायरच म्हणतात. तो नुसता फिरवून पाणी फेकतो, वाळवत नाही. खरा ड्रायर गरम हवा सोडतो. हे समजावण्यात माझी पाच मिनिटं गेली आणि शेवटी सगळेच दुकानात गेलो, आई पण.

दुकानातल्या पोरानं तीन प्रकार सांगितले. एक वेंटेड, तो गरम ओली हवा पाईपनं खिडकीबाहेर टाकतो. दुसरा कंडेन्सर, तो त्या वाफेचं परत पाणी करून आत एका टाकीत साठवतो. तिसरा हीट पंप, सगळ्यात महाग, वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तीच तो परत कपड्यांना देतो म्हणून वीज बरीच कमी खातो. किंमत ऐकून मी पाणी मागितलं.

घरी येऊन हिशोब मांडला. ५ किलो कपडे, मशीननं कितीही पिळू द्या, त्यांच्यात अडीच-तीन लिटर पाणी राहतंच. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटाला थोडी कमी वीज लागते, यात कुठल्याच कंपनीची हुशारी चालत नाही, पाण्याचा स्वभावच तो. म्हणजे ३ लिटरला २ युनिट नुसते वाफेला, वर मशीनचा स्वतःचा खर्च वेगळा. हीट पंपवाला मात्र तीच उष्णता फिरवून फिरवून वापरतो त्यामुळं त्याचं कमीत भागतं. आणि ही सगळी उष्णता आमच्याकडं मार्च ते मे आकाशातून फुकट पडत असते, इतकी की दुपारी बारा ते चार माणूस रस्त्यावर दिसत नाही. वर्षातल्या दोन-अडीच महिन्यांच्या पिरपिरीसाठी एवढं मोठं मशीन, ते ठेवायचं कुठं हा प्रश्न तर अजून निघालाच नव्हता.

आईचं डोकं मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं. "ते टाकीत पानी साठतंय म्हनला का रे तो? किती साठतंय?" मी म्हटलं दोन-अडीच लिटर असंल. ती म्हणाली, "मग तो मधला घ्यावा."

याला हसू नका. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर, लोक स्टेशनवर बघायला गेलेले. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं धुणं आठवड्यातून एकदा, खळबळलेलं पाणी बादलीत धरून संडासला, आणि दोरीवरून ठिबकणाऱ्या कपड्याखाली सुद्धा आईनं तुळशीची कुंडी सरकवलेली. आणि तेव्हाच कपडे सगळ्यात भारी वाळायचे बघा. हवेत ओल नावाला नाही, त्यामुळं कापडातलं पाणी हवा ओढूनच घ्यायची. ज्या साली धुवायला पाणी नाही त्या साली वाळायला वेळ लागत नाही, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मांजराकाठची शेतं पाण्याखाली गेली तेव्हा आमचा एक टॉवेल पाच दिवस ओला. अर्थात त्या पाच दिवसांत टॉवेलची तक्रार कुणाकडं करणार, खाली गावांत लोकांची घरंच वाळायची राहिली होती.

मधे एकदा संध्याकाळी ट्युशन एरियातून येत होतो. हॉस्टेलच्या इमारती, प्रत्येक गॅलरीच्या ग्रीलला डझनभर टी-शर्ट, कुठनं कुठनं नीटची तयारी करायला आलेली पोरं. खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत दिसलं, पोरानं पंख्याखाली दोरी बांधून कपडे टाकलेले, पंखा फुल्ल, आणि स्वतः कोपऱ्यात उकाड्यात घामाघूम होऊन पुस्तक घेऊन बसलेला. पंख्याचा वारा कपड्याला. मशीन नाही, बायको नाही, सल्ला द्यायला आई नाही, तरी बरोबर कळलेलं त्याला.

तिथून मला आमचा कूलर आठवला. कूलर काय करतो, गवताच्या जाळ्या ओल्या करतो आणि त्यातून हवा ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेते म्हणून गार वारा येतो. म्हणजे कूलर हे एक कायम ओलं ठेवलेलं धुणंच आहे. आमच्या जुन्या घरी उन्हाळ्यात दाराला ओली चादर टांगायचे तो त्याचाच आजोबा. म्हणून तर एप्रिलात ज्या दिवशी कूलर झकास चालतो त्या दिवशी कपडे झटक्यात वाळतात, आणि जुलैत कूलर नुसता चिकचिक करतो त्या दिवशी कपडेही चिकचिक, दोघांचं दुखणं एकच. मग म्हटलं ह्याला पावसाळाभर प्लास्टिकचं बोचकं बांधून कोपऱ्यात का ठेवायचं. तिन्ही जाळ्या काढल्या, टाकी पुसून कोरडी केली, पाण्याच्या मोटरचं बटण बंद, नुसता पंखा चालू. समोरच्या छताला पुलीचा हँगर बसवला, सहा दांड्या, प्रत्येकीला वेगळी दोरी, खाली ओढून कपडे टाकायचे आणि वर चढवायचे. खिडकी एक फटभर उघडी, नाहीतर तीच ओली हवा खोलीत गोल गोल फिरते.

पहिल्या दिवशी दोरी ओढताना हातातला चिमटा मोडला, जुन्या गच्चीवरचा निळा प्लास्टिकचा, तीन उन्हाळे खाल्लेला. मोडला म्हणजे तुटला नाही, चुरा झाला, बोटाला पांढरट पावडर लागली आणि स्प्रिंग सोफ्याखाली.

पण वाळतात. रात्री दहाला टाकलेले शर्ट सकाळी सहाला घालण्यासारखे, वास नाही. आई वर बघून म्हणाली, "वलनीच की ही." टॉवेलला थोडा वेळ लागतो. जीन्स मी उलटी करून, खिसे कुत्र्याच्या कानासारखे बाहेर ओढून, कमरेला दोन चिमटे लावून कूलरच्या बरोब्बर तोंडासमोर टांगतो, तरी खिशाच्या शिवणीत ओल राहतेच. आज सकाळी घाईत तशीच घातली. बँकेत रांगेत उभा होतो, उजव्या मांडीवर गारगार, आणि खिशात हात घातला तर आधारची झेरॉक्स मऊ पडलेली.